सानिया मिर्झाची कारकीर्द कशी वाचावी: एकेरीत २७वी, दुहेरीत पहिली आणि मध्ये एक मनगट

प्रश्न असा आहे: सानियाने एकेरीत डब्ल्यूटीएचं, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेचं, एकच विजेतेपद मिळवलं, ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत, चौथ्या फेरीपुढे ती गेली नाही, मग दुहेरीकडे वळली आणि तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचली. तिला मोठी खेळाडू म्हणायचं ते कशाच्या जोरावर? आणि दुहेरीतलं यश म्हणजे एकेरीत न जमल्याची भरपाई, असं म्हणतात ते कितपत खरं?

भरपाई हा शब्द मला मान्य नाही, पण त्यामागची शंका रास्त आहे. एकेरी आणि दुहेरीला लागणारं कौशल्य वेगळं असतं. सानियाकडे एक पहिल्या दर्जाचं हत्यार होतं आणि दोन कच्च्या जागा होत्या. एकेरीत प्रतिस्पर्धी त्या जागा शोधून त्यांवरच मारा करत राहतात. दुहेरीत त्या झाकता येतात आणि हत्यार मात्र पूर्ण किमतीला वापरता येतं. दुहेरीकडे वळण्याचा निर्णय खेळाच्या हिशेबाने योग्य होता. उजव्या मनगटाने तो लवकर घ्यायला लावला, एवढंच.

आधी एकेरी, कारण तिथलं यशही लोक कमी लेखतात.

२००५च्या मेलबर्नच्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, उतरलेली अठरा वर्षांची सानिया तिसऱ्या फेरीत गेली आणि सेरेना विल्यम्सकडून ६-१, ६-४ हरली. ग्रँड स्लॅम एकेरीत तिसरी फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी निरुपमा वैद्यनाथनने १९९८ मध्ये मेलबर्नलाच ओपन युगातला, म्हणजे १९६८ नंतरचा, भारतीय महिलेचा मुख्य फेरीतला पहिला विजय मिळवला होता. म्हणजे एका विजयावरून दोन विजयांवर यायला भारताला सात वर्षं लागली. फेब्रुवारी २००५ मध्ये सानियाने हैदराबादची स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात अल्योना बोंदारेन्कोवर ६-४, ५-७, ६-३. ही टिअर चार दर्जाची, म्हणजे त्या वेळच्या उतरंडीतली छोटी स्पर्धा होती, हे लक्षात ठेवा. जास्त बोलका निकाल लगेच पुढचा आहे: दुबईत तिने स्वेतलाना कुझनेत्सोवाला ६-४, ६-२ हरवलं, आणि कुझनेत्सोवा तेव्हा अमेरिकन ओपनची विद्यमान विजेती होती. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये मारियॉन बार्तोलीला हरवून ती चौथ्या फेरीत गेली आणि अव्वल मानांकित मारिया शारापोवाकडून ६-२, ६-१ हरली.

या दोन टोकांच्या निकालांतच तिच्या एकेरीचं निदान आहे.

तिचा फोरहँड त्या काळातल्या महिला टेनिसमधल्या सर्वांत जोरकस फटक्यांपैकी एक होता. सांध्यांची लवचिकता जन्मजात जास्त, त्यामुळे रॅकेट मागे रेंगाळून शेवटच्या क्षणी मनगटातून सुटायची. चेंडू सपाट आणि वेगाने जायचा, आणि दिशा शेवटपर्यंत कळायची नाही. खांदा आणि कमरेची हालचाल पाहून फटक्याची दिशा ओळखायची सवय असलेल्या खेळाडूला इथे उशीर व्हायचा. अशा फोरहँडला चेंडू कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर आला, तोही पावलं जागेवर असताना, की पहिल्या तीन फटक्यांतच गुण संपतो. कुझनेत्सोवाविरुद्ध नेमकं हेच चाललं.

आता कच्च्या जागा. पहिली कच्ची जागा म्हणजे तिची दुसरी सर्व्हिस, पहिली चुकल्यावर मारायची ती. तिच्यात ना पुरेसा वेग होता ना उसळी. प्रतिस्पर्ध्याने दोन पावलं आत येऊन रिटर्न मारला की सानियाला आपल्याच सर्व्हिसवर बचाव करावा लागायचा. आणि तो ताण आला की डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकणं, वाढतात, कारण खेळाडू दुसऱ्या सर्व्हिसमध्ये आहे त्यापेक्षा जास्त काहीतरी करायला जातो. शारापोवासारखी रिटर्न करणारी समोर असली की हा दुवा पहिल्या अर्ध्या तासातच उघडा पडतो.

दुसरी, हालचाल. एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद असतं आणि ते एकटीने राखायचं असतं. धावत जाऊन फोरहँड मारायचा, मग परत मध्याकडे यायचं, लगेच उलट दिशेला पळायचं. या परतीच्या दोन-तीन पावलांत सानिया मागे पडायची. त्यात तिच्या पकडीत तळहात हँडलच्या खाली सरकलेला. अशा पकडीला उंच चेंडू मानवतो, पण बॅकस्पिन देऊन घसरत येणारा, गुडघ्याखालचा चेंडू त्रास देतो. गुडघे पूर्ण वाकवल्याशिवाय रॅकेटचा चेहरा चेंडूखाली जात नाही. म्हणून गवतावरच्या विम्बल्डनला एकेरीत ती कधीही दुसऱ्या फेरीपुढे गेली नाही. मातीवर कारण वेगळं, तिथे रॅली लांबते आणि सपाट फटक्याने गुण लवकर संपत नाही. रोलाँ गॅरोसलाही, म्हणजे फ्रेंच ओपनलाही, एकेरीत दुसरी फेरीच. हार्ड कोर्टवर मेलबर्नला तिसरी आणि न्यू यॉर्कला चौथी. पृष्ठभागानुसार हे आकडे वेगळे मांडले की खेळाडू कशी घडलेली आहे ते दिसतं. सगळे एकत्र मांडले की काहीच दिसत नाही.

या सगळ्यासकट २७ ऑगस्ट २००७ रोजी ती जागतिक क्रमवारीत २७वी होती. त्याच उन्हाळ्यात स्टॅनफर्डच्या अंतिम फेरीत ती अॅना चकवेताझेकडून हरली. २७ हा क्रमांक ‘फक्त २७’ म्हणून वाचणाऱ्यांनी एवढंच बघावं: तिच्यानंतर भारताची एकही महिला एकेरीत पहिल्या शंभरात आलेली नाही. तुलनेसाठी, अंकिता रैनाचा सर्वोत्तम क्रमांक १६० आहे. क्रमवारीत १५० वरून ५० वर येण्याइतकंच ५० वरून ३० वर जाऊन टिकणंही अवघड असतं. कारण पहिल्या पन्नासात गेल्यावर मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश मिळतो, पण पहिल्या-दुसऱ्या फेरीतच मानांकित खेळाडू भिडतात, आणि दर आठवड्याला मागच्या वर्षीचे गुण गळत असतात. २००५च्या झेपेनंतर २००६ मध्ये ती खाली घसरली ती याच गणितामुळे.

मनगट

२००८ मध्ये तिच्या उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये इव्हेता बेनेशोवाविरुद्धचा सामना तिला दुखण्यामुळे अर्धवट सोडावा लागला. खेळाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे सांगणं गरजेचं आहे, कारण ‘दुखापत झाली’ या दोन शब्दांत ते मावत नाही.

ज्या फोरहँडची ताकद मनगटाच्या शेवटच्या झटक्यात आहे, त्याला मनगटाचं दुखणं म्हणजे इंजिनालाच हात घालण्यासारखं. रॅकेट मागे रेंगाळते तेव्हा मनगट मागे वाकलेलं असतं, आणि चेंडू लागतो त्या क्षणी करंगळीच्या बाजूच्या ऊतींवर मोठा भार येतो. सांधे लवचिक असतील तर हा कोन आणखी मोठा होतो. म्हणजे जे तिचं वरदान होतं, झिजही त्याच ठिकाणी होत होती. शस्त्रक्रियेनंतर अशा खेळाडूसमोर सहसा तीन वाटा असतात: फटका बदलायचा, म्हणजे मनगटाऐवजी खांदा आणि धड जास्त वापरायचं. साहित्य बदलायचं, म्हणजे तारांचा ताण एक-दोन किलोने उतरवायचा आणि कडक पॉलिएस्टरऐवजी मऊ तार घ्यायची. किंवा फटक्यांची संख्या कमी करायची. पहिली वाट विशीच्या पुढे फार अवघड, स्नायूंना वर्षानुवर्षं बसलेली सवय सामन्याच्या ताणात परत वर येते. दुसरीने थोडा आराम मिळतो, पण चेंडूवरचा ताबा थोडा सैलावतो. तिसरी वाट खात्रीची.

इथे दुहेरीचा साधा हिशेब येतो. एकेरीत ग्रँड स्लॅमचा ड्रॉ १२८ जणींचा असतो, जिंकायला सात सामने. महिला दुहेरीत ६४ जोड्या, सहा सामने, आणि प्रत्येक सामन्यात फटके दोघींत वाटले जातात. रॅलीही छोट्या: सर्व्हिस, रिटर्न, एक व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), संपलं. ग्रँड स्लॅमबाहेरच्या डब्ल्यूटीए स्पर्धांत तर ड्यूसनंतर (४०-४० झाल्यावर) सलग दोन गुणांची अट, म्हणजे अॅडव्हान्टेज, नसते, एकाच गुणावर गेम सुटतो, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा मॅच टायब्रेक असतो. मनगटावरचा आठवड्याचा भार लक्षणीय घटतो. सानियाने २०१२ नंतर एकेरी सोडली. त्याआधी एकेरीत पहिल्या शंभरात परत येऊन दाखवलं होतं, हे विसरू नये. जमत नाही म्हणून सोडलं, असं म्हणायला आकडे साथ देत नाहीत. दोन्ही खेळत राहिली असती तर मात्र दोन्हीकडे मधल्या पायरीवर अडकली असती, असं माझं मत आहे.

दुहेरीत काय बदललं

दुहेरीचं कोर्ट १०.९७ मीटर रुंद. दोघींत वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेपाच मीटरच्या आसपास. परतीच्या पावलांचा प्रश्न जवळजवळ सुटला. दुसऱ्या सर्व्हिसचा प्रश्न सुटला नाही, पण झाकला गेला: सर्व्हिस कमजोर असली तरी नेटवर उभी असलेली जोडीदार रिटर्नच्या वाटेत घुसते, रिटर्न करणारीला चेंडू तिच्यापासून लांब, म्हणजे अवघड कोनात मारावा लागतो, आणि मग तो दोन पावलं आत येऊन केलेला निर्धास्त हल्ला राहत नाही. कधी आय फॉर्मेशन वापरतात. त्यात जोडीदार नेटजवळ मध्यरेषेवर वाकून बसते आणि सर्व्हिस झाल्यावर ठरलेल्या बाजूला उडते. ठरवाठरवी पाठीमागे लपवलेल्या बोटांच्या खुणेने किंवा प्रत्येक गुणाआधी कानात बोलून होते. यात नेहमी चुकतं ते एकच: सर्व्हिस ठरलेल्या जागी पडत नाही. मध्यरेषेवर टाकायची म्हणून सांगितलेली सर्व्हिस बाहेर गेली की रिटर्नचा कोन उघडतो आणि नेटवरची जोडीदार चुकीच्या बाजूला पोहोचलेली असते. म्हणून कमजोर सर्व्हिस असलेल्या खेळाडूने दुहेरीत वेगाच्या मागे न लागता जागेच्या मागे लागायचं. सानियाने हे केलं. तिच्या नंतरच्या वर्षांतली सर्व्हिस पाहिलीत तर वेग फारसा वाढलेला दिसणार नाही, पण शरीरावर येणाऱ्या आणि मध्यरेषेवरच्या सर्व्हिसचं प्रमाण जाणवेल.

आणि हत्यार. ती उजव्या, म्हणजे ड्यूस बाजूने रिटर्न करायची. उजव्या हाताच्या खेळाडूचा फोरहँड तिथून तिरका, नेट सर्वांत खाली असते त्या मध्यावरून जातो. एका गुणावर गेम ठरतो तेव्हा कोणत्या बाजूने रिटर्न करायचा हे रिटर्न करणारी जोडी निवडते. असा फोरहँड असलेली खेळाडू जोडीत असली की तो गुण कुठून खेळायचा हे फार विचार करून ठरवावं लागत नाही.

लिझल ह्युबर, एलेना वेस्निना, बेथनी मॅटेक-सँड्स अशा जोडीदारांबरोबर ती आधीपासून जिंकत होती. २०११ मध्ये वेस्निनाबरोबर रोलाँ गॅरोसची अंतिम फेरी गाठली. झिंबाब्वेच्या कारा ब्लॅकबरोबरचा काळ कमी चर्चिला जातो, पण पुढच्या सगळ्याचा पाया तिथे आहे. ब्लॅक उंचीने छोटी, नेटवर अतिशय चलाख. सानियाने मागून जोरात मारायचं आणि ब्लॅकने पुढे संपवायचं, हा साचा त्या दोघींनी पक्का केला. २०१४च्या अखेरीस सिंगापूरला डब्ल्यूटीए फायनल्सच्या अंतिम सामन्यात त्यांनी शेय सु-वेई आणि पेंग श्वाई या जोडीला ६-१, ६-० हरवलं. २०१५च्या सुरुवातीला सानियाने शेयबरोबर खेळून पाहिलं. ते जमलं नाही. शेय स्वतः असामान्य, पण तिच्या फटक्यांना वेग नाही, फिरकी आणि फसवणूक आहे. सानियाच्या वेगाला पुढे येऊन फायदा घेणारी जोडीदार हवी होती, तशी ती नव्हती.

मग मार्च २०१५ मध्ये स्वित्झर्लंडची मार्टिना हिंगिस आली. पहिल्या तीन स्पर्धा, इंडियन वेल्स, मायामी आणि चार्ल्सटन, सलग चौदा सामने जिंकून त्यांनी खिशात घातल्या. १३ एप्रिल २०१५ रोजी सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. भारतीय महिलांत पहिलीच. हिंगिस डाव्या बाजूने, तिचा दोन हाती बॅकहँड तिथे तिरका जायचा. सानियाचा फोरहँड उजवीकडून. दोघींचे सर्वांत मजबूत फटके कोर्टाच्या बाहेरच्या कडांना, आणि मध्यातल्या चेंडूवर हिंगिसचा हात. अशी मांडणी असली की प्रतिस्पर्ध्याला सुरक्षित जागाच उरत नाही. नेहमी सुरक्षित असणारा मधला चेंडू हिंगिस व्हॉलीवर घ्यायची, आणि व्हॉलीत तिच्याइतकी जाण फार थोड्यांना होती.

त्यांची नोंद अशी: २०१५ मध्ये विम्बल्डन, अमेरिकन ओपन, ग्वांगझू, वुहान, बीजिंग, डब्ल्यूटीए फायनल्स. २०१६ मध्ये ब्रिस्बेन, सिडनी, ऑस्ट्रेलियन ओपन, सेंट पीटर्सबर्ग, रोम. पहिल्या तीन धरून एकूण चौदा. अमेरिकन ओपनपासून सलग ४१ सामने जिंकल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये दोहाला दार्या कसात्किना आणि वेस्निनाने ही मालिका तोडली. १९८०च्या दशकातल्या मार्टिना नवरातिलोवा आणि पॅम श्रायव्हर यांच्या १०९ सामन्यांच्या मालिकेसमोर ४१ लहान वाटेल, पण मॅच टायब्रेक आणि अॅडव्हान्टेज नसलेल्या गेमच्या काळात मोजा. या नियमांनी प्रत्येक सामन्यात योगायोगाला वाव वाढवला आहे. दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये दोन नेटकॉर्डसुद्धा (नेटच्या पट्टीला लागून पलीकडे पडलेले चेंडू) स्पर्धेतून बाहेर काढू शकतात. अशा काळात जवळपास सहा महिने न हरणं जास्त अवघड.

जोडी फुटली कशी? २०१६च्या रोलाँ गॅरोसला त्या सलग चौथ्या ग्रँड स्लॅमच्या वाटेवर होत्या आणि तिसऱ्या फेरीत बार्बोरा क्रेजिकोव्हा व कातेरिना सिनिआकोव्हा यांच्याकडून हरल्या. त्या दोघी तेव्हा फारशा कुणाला माहीत नव्हत्या. पुढे त्याच जोडीने दुहेरीची अनेक ग्रँड स्लॅम जिंकली. विम्बल्डनला उपांत्यपूर्व फेरीत पराभव. ऑगस्टमध्ये वेगळ्या झाल्या. खेळातून बघाल तर कारण गूढ नाही. प्रतिस्पर्धी जोड्यांनी सानियाच्या सर्व्हिसवर सपाट, पायाशी रिटर्न मारायला सुरुवात केली, हिंगिसच्या सर्व्हिसवर तर आधीपासूनच दबाव होता. दोघींचीही सर्व्हिस मोठी नसेल तर ब्रेक, म्हणजे आपल्या सर्व्हिसचा गेम गमावणं, जास्त होतात, आणि रिटर्न थोडासा जरी उतरला तरी सामना हातातून जातो. त्यानंतर पहिल्याच स्पर्धेत, सिनसिनाटीला, सानिया बार्बोरा स्ट्रिकोव्हाबरोबर आणि हिंगिस कोको वँडवेघेबरोबर अंतिम फेरीत समोरासमोर आल्या. सानिया ७-५, ६-४ जिंकली आणि पहिला क्रमांक, जो तोवर दोघींत वाटलेला होता, एकटीचा झाला.

नोंदी वाचताना होणाऱ्या चुका

दुहेरीची क्रमवारी जोडीची नसते, प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते. ५२ आठवड्यांतले सर्वोत्तम निकाल मोजतात. सानियाच्या काळात दुहेरीत अकरा, एकेरीत सोळा. ग्रँड स्लॅम विजेत्याला २०००, इंडियन वेल्स किंवा मायामीला १०००, चार्ल्सटनच्या दर्जाला तेव्हा ४७०. म्हणजे हिंगिसबरोबरच्या पहिल्या तीन स्पर्धांतच २४७० गुण. हे गुण वर्षभराने गळतात, म्हणून जिंकूनही घसरता येतं. याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण सानियाच आहे: जानेवारी २०१७ मध्ये तिने मॅटेक-सँड्सबरोबर ब्रिस्बेनचं विजेतेपद मिळवलं आणि त्याच आठवड्यात पहिला क्रमांक गमावला, तोही मॅटेक-सँड्सलाच! ब्रिस्बेन ती मागच्या वर्षीही जिंकली होती, त्यामुळे नवे ४७० आले आणि जुने ४७० गेले. मॅटेक-सँड्सची मात्र निव्वळ भर पडली. सलग ९१ आठवड्यांचा तो काळ असा संपला.

मिश्र दुहेरी वेगळी ठेवा. सानियाची सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं म्हणजे तीन महिला दुहेरीची आणि तीन मिश्रची: २००९ ऑस्ट्रेलियन आणि २०१२ रोलाँ गॅरोस महेश भूपतीबरोबर, २०१४ अमेरिकन ओपन ब्रुनो सोआरेसबरोबर. मिश्रला क्रमवारीचे गुण मिळत नाहीत, आणि तिने जिंकलेल्या तिन्ही ठिकाणी ड्रॉ ३२ जोड्यांचा होता, पाच सामने. शिवाय शेवटच्या सेटऐवजी बहुतेक ठिकाणी मॅच टायब्रेक. सोआरेसबरोबरच्या त्या अंतिम सामन्याचा निकाल ६-१, २-६, ११-९ असा दिसतो, त्यातला ११-९ हा सेट नव्हे, टायब्रेक आहे. तरीही मिश्रला दुय्यम म्हणून उडवून लावू नका. समोरून पुरुषाची सर्व्हिस परत करणं ही रिटर्नची सर्वांत कठीण परीक्षा असते, आणि त्यात तिचा फोरहँड टिकला. महिला दुहेरीत तिला रोलाँ गॅरोस मिळालं नाही, मिश्रमध्ये विम्बल्डन मिळालं नाही. दोन्ही मिळून चारही ठिकाणं पूर्ण होतात.

विजेतेपदांचा आकडाही तपासून घ्या. दुहेरीत ४३ डब्ल्यूटीए विजेतेपदं, एकेरीत १. आयटीएफच्या, म्हणजे त्याखालच्या पायरीच्या, स्पर्धा यात नाहीत. त्या जमेस धरणाऱ्या याद्या आकडा फुगवतात. एशियाड, राष्ट्रकुल, ऑलिंपिकची पदकं यात येत नाहीत, त्यांना वेगळा रकाना लागतो: एशियाडमध्ये मिश्र दुहेरीची दोन सुवर्णपदकं, २००६ दोहाला लिअँडर पेसबरोबर आणि २०१४ इंचॉनला साकेत मायनेनीबरोबर. रिओला २०१६ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर चौथा क्रमांक, कांस्यपदकाचा सामना लुसी ह्रादेका आणि रादेक स्तेपानेक यांच्याकडून हरून. कारकिर्दीतली बक्षिसाची रक्कम सत्तर लाख डॉलरच्या वर आहे, पण तो कापाकापीआधीचा आकडा असतो. कर, प्रशिक्षक, फिजिओ, प्रवास त्यातूनच जातात, आणि दुहेरीचं बक्षीस आधीच दोघींत वाटलेलं असतं.

परतीबद्दल थोडं. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलाचा जन्म झाला आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला नादिया किचेनोकबरोबर उतरून तिने लगेच स्पर्धा जिंकली. प्रसूतीनंतर परतणाऱ्या खेळाडूला काही स्पर्धांपुरती जुनी क्रमवारी वापरता येते, आणि दुहेरीत प्रवेश दोघींच्या क्रमांकांच्या बेरजेवर ठरतो. म्हणून परतताना जोडीदाराची निवड ही खेळाइतकीच प्रवेशाचीही बाब असते. पुढच्याच आठवड्यात मेलबर्नला पोटरीच्या दुखण्याने तिला सामना सोडावा लागला. यात नवल नाही: दोन वर्षं सामने नसलेल्या शरीराने आठवड्यात चार सामने खेळल्यावर विश्रांती न घेता पुढची स्पर्धा धरली की सहसा पोटरीच आधी बोलते, कारण सर्व्हिसनंतरचं उतरणं आणि पहिलं पाऊल दोन्ही तिच्यावर. २०२१ मध्ये झांग श्वाईबरोबर ओस्ट्राव्हा हे त्रेचाळिसावं आणि शेवटचं विजेतेपद. २०२३ मध्ये मेलबर्नला बोपण्णाबरोबर मिश्रची अंतिम फेरी, त्यानंतर फेब्रुवारीत दुबईला मॅडिसन कीजबरोबर पहिल्या फेरीत शेवटचा सामना.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर तीन सामने या क्रमाने बघा. आधी २००५ दुबईचा कुझनेत्सोवाविरुद्धचा: चेंडू न मोजता सानियाचा फोरहँड कोणत्या उंचीवर लागतोय ते बघा. मग त्याच वर्षीचा न्यू यॉर्कचा शारापोवाविरुद्धचा: फक्त सानियाच्या दुसऱ्या सर्व्हिसचे गुण मोजा आणि शारापोवा रिटर्नला बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) किती आत उभी आहे ते पाहा. शेवटी २०१५च्या विम्बल्डनचा अंतिम सामना, एकातेरिना माकारोवा आणि वेस्निनाविरुद्ध ५-७, ७-६, ७-५. तिसऱ्या सेटमध्ये २-५ पासून बघायला सुरुवात करा. ५-५ वर छप्पर बंद करण्यासाठी खेळ थांबतो. त्याआधीच्या आणि नंतरच्या गेममध्ये सानिया सर्व्हिस करत असताना हिंगिसच्या पायांकडे लक्ष ठेवा, चेंडूकडे नाही. सर्व्हिस कुठे पडणार हे तिला आधी माहीत असतं, म्हणून रिटर्न करणारीने रॅकेट मागे घेण्याआधीच ती निघालेली दिसेल.